मोथा कोणी आणला?

मित्रांनो, मी एक जुना नागरमोथा आहे. नाव ऐकून हात जोडू नका आणि खुरपीही उचलू नका. आधी माझं ऐकून घ्या. मग काय करायचं ते करा, माझं त्यानं फारसं बिघडत नाही.

तुम्ही मला नक्की पाहिलं आहे. मैदानाच्या कडेला, शाळेतल्या नळाजवळ, तुळशीच्या कुंडीत. गर्द हिरवी चकचकीत पानं, मधोमध तीन कोनांची काडी आणि तिच्या टोकावर तांबूस तुरा. पण वर दिसतं ते माझं नुसतं टोपरं. माझा खरा जीव जमिनीखाली आहे. तिथे लहान सुपारीएवढी काळी, केसाळ गाठ असते. तिच्यातून तारेसारखा एक धागा निघतो, त्या धाग्याच्या टोकाला दुसरी गाठ, तिच्यापुढे तिसरी. तुम्ही वरची पानं उपटता, 'काढला एकदाचा' म्हणून हात झटकता आणि घरात जाता. चार दिवसांनी मी पुन्हा वर येऊन बसलेला असतो. जुनी गाठ मरते, नवी धरते, पण साखळी तुटत नाही. म्हणून मी स्वतःला एकच समजतो, आणि जुना म्हणवतो.

मी राहतो नागपुरात, धरमपेठेत. मधुसूदनराव म्हणून एका कॉलेजातले निवृत्त रजिस्ट्रार आहेत, त्यांच्या बंगल्याच्या अंगणात. आता 'त्यांच्या' म्हणायचं ते रीत म्हणून. बंगला नव्हता तेव्हा इथे मोकळा प्लॉट होता. म्हशी चरत, पावसाळ्यात पाणी साचे, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत मीच होतो. मग एक दिवस चुन्याच्या रेघा मारल्या गेल्या. गवंड्यांनी मला फावड्यानं तोडलं, माझ्यावर गिट्टी ओतली, सिमेंट कालवलं. मी कडेकडेनं सरकलो. भिंती उभ्या राहिल्या, वास्तुशांत झाली, बुंदीचे लाडू वाटले गेले. त्या दिवशी मला कोणी बोलावलं नव्हतं. बोलावणार तरी कोण? पाहुणे तेच होते, मी आधीपासून घरात होतो.

तरी सुरुवातीची वर्षं बरी गेली, हे कबूल करतो. मधुसूदनरावांची पत्नी, अरुंधतीबाई, तेव्हा नवी नवरी होती. माहेर रामटेकचं. तिला माझी ओळख होती. उन्मेष तान्हा असताना, त्याच्या पहिल्या दिवाळीला, तिनं स्वयंपाकघरातलं उलथणं आणलं आणि फाटकाशेजारची जमीन उकरून माझ्या ओंजळभर गाठी काढल्या. धुतल्या, गच्चीवर वाळवल्या आणि संत्र्याच्या साली, आंबेहळद, कचोरा यांच्यासोबत खलबत्त्यात कुटल्या. तुम्हाला सांगतो, माझा वास साधा नाही. ओली माती, थोडा कापूर आणि जुन्या लाकडी पेटीचं झाकण उघडावं तसं काहीतरी. अभ्यंगस्नानाच्या पहाटे तो वास कुंपणापलीकडे गेला. शेजारच्या बायका विचारत आल्या, "काय वं अरुंधती, कशाचा सुवास येऊन राहिला?" ती हसली आणि प्रत्येकीच्या हातावर चिमूटभर उटणं ठेवलं. मला तेव्हा फार अभिमान वाटला. आजही वाटतो, लपवू कशाला?

पुढे उटण्याची तयार पाकिटं आली. उन्मेष शाळेत जाऊ लागला, कॉलेजात गेला, पुण्याला नोकरीला लागला. खलबत्ता माळ्यावर गेला. अरुंधतीबाई मला विसरली. मी विसरलो नाही.

उन्मेष शाळेत जाऊ लागला त्या सुमारास चंपतराव माळी या घरी आले. महाल या जुन्या वस्तीतून सायकलनं येत, हँडलला खुरपी आणि डब्याची पिशवी अडकवलेली. या गल्लीतल्या बऱ्याच बंगल्यांच्या बागा त्यांच्याच हाताखालच्या. माझं आणि त्यांचं सुरुवातीपासून वैर. गुलाबाच्या वाफ्यात मी दिसलो की ते माझ्याशी बोलत, "आला का गा पुन्हा? थांब, तुले दाखवतो." मी म्हणे, दाखव. ते उपटत, मी उगवत असे. दोघांचंही बरं चाललं होतं. वैरी असावा तर असा, रोज भेटणारा आणि नावानं हाक मारणारा.

मग मधुसूदनराव निवृत्त झाले आणि त्यांना हिरवळीचं वेड लागलं.

आमच्या वस्तीत दिवाळीनंतर बागांची स्पर्धा होते. शेजारचे आनंदराव दर वर्षी पहिले येतात आणि तो चषक बैठकीच्या खिडकीत असा ठेवतात की रस्त्यावरून दिसावा. मधुसूदनरावांना तो चषक डोळ्यात खुपू लागला. यंदा पावसाळा लागताच त्यांनी परदेशी गवताच्या गाद्या आणल्या. चौकोनी, गुंडाळलेल्या, सतरंजीसारख्या. चंपतरावांनी त्या अंगणभर अंथरल्या, पाणी मारलं, आणि मधुसूदनराव रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या हिरवळीकडे नातवंडाकडे पाहावं तसं पाहू लागले.

मी खाली होतो. माझ्या कोंबाचं टोक सुईसारखं असतं. गादी पसरून आठवडाही झाला नसेल, मी ती टोचून वर आलो.

मधुसूदनरावांचा चहा गार झाला. चंपतरावांनी दोन दिवस खुरपी चालवली, पण त्यांचे गुडघे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. ते म्हणाले, "साहेब, माह्या भाच्याजवळ मशीन हाय. रामटेकहून बोलावतो त्याले. घंटाभरात अंगण साफ." मधुसूदनरावांना मशीन हा शब्दच आवडतो. भाचा विक्की आला, घरघर करणारं ते यंत्र त्यानं हिरवळीच्या कडेनं आणि मधल्या पट्ट्यातून फिरवलं. पाती फिरत होती आणि माझ्या साखळीचे तुकडे होत होते. दोघं मालक-माळी कमरेवर हात ठेवून समाधानानं पाहत होते. मित्रांनो, माझी प्रत्येक तुटलेली गाठ म्हणजे एक नवा मोथा. आयुष्यभर माझ्याशी भांडणाऱ्या माणसालाही त्या दिवशी हे सुचलं नाही, आणि कायदे-नियम पाठ असणाऱ्या रजिस्ट्रारसाहेबांनाही नाही. मी मात्र त्या यंत्राला मनातल्या मनात दंडवत घातला.

पुढच्या पंधरवड्यात अंगणभर मीच मी झालो.

मग मधुसूदनराव स्वतः दुकानात जाऊन तण मारायचं औषध घेऊन आले. तुम्ही माणसं गमतीची आहात, विषालाही औषध म्हणता. बाटलीवर काय लिहिलं होतं ते न वाचता त्यांनी दुप्पट कालवलं आणि नाकाला रुमाल बांधून फवारलं. माझी वरची पानं पिवळी पडली, खालच्या गाठी शांत बसून राहिल्या. परदेशी गवताला मात्र ते सोसलं नाही. हिरवळीत मोठमोठी करपट वर्तुळं पडली, आणि त्या वर्तुळांच्या बरोबर मध्ये, पहिला कोंब माझाच फुटला.

इथवर मला हसू येत होतं. पुढचं ऐका.

आनंदराव कुंपणाच्या भिंतीवरून डोकावले. जीभ टाळ्याला लावून चुकचुकले आणि म्हणाले, "मधुसूदन, शेणखत कुठलं टाकलंस? माळी कुठून काय उचलून आणतात, भरवसा नाही. मोथा खतातूनच येतो बाबा. तुझ्या माळ्यानंच आणला असणार."

मधुसूदनरावांना आधार हवाच होता. आपण फवारलेल्या औषधानं गवत जळलं, हे मान्य करण्यापेक्षा हे सोपं होतं. चंपतराव आले तसे ते फाटकातच कडाडले, "चंपतराव, हा मोथा तुम्ही आणलात. खतातून. सगळ्या बागेचा सत्यानाश केलात."

चंपतरावांना आधी कळेचना. "साहेब, मी कायले आनीन? मलेच काढा लागते न तो!"

"मग मशीन कोणाच्या भाच्याचं होतं?"

"मशीन माह्या भाच्याचं, हे खरं हाय. पन मोथा म्या नाई आनला. आईची आन."

"उद्यापासून येऊ नका."

मोठ्यानं बोललेलं धरमपेठेत फाटकाबाहेर जायला वेळ लागत नाही. समोरच्या दीपमालाताईंनी चंपतरावांना गोड आवाजात सांगितलं, "सध्या राहू द्या हं, आम्ही बघतो." पलीकडच्या बंगल्यात फाटकच उघडलं नाही. माळी म्हणून सगळं चालतं. उशिरा आलेला चालतो, सुट्ट्या घेणारा चालतो. पण 'हा मोथा आणतो' असं ज्याच्या नावावर लागलं, त्याला बागेत कोण घेणार? त्या माणसानं या गल्लीत आपले गुडघे झिजवले होते. आता तो सायकल हातात धरून, कोणाकडे न बघता गल्लीतून निघून गेला. खुरपी हँडलला तशीच लटकत होती.

मला राग आला, मित्रांनो. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथे तर चोरीच झाली नव्हती. मला कोणी आणलं नाही! मी इथला आहे, तुमच्या भिंतींच्या आधीचा आहे. हे ठाऊक असलेला साक्षीदार एकटा मी, आणि मला तोंड नाही. मी रागानं कोंब काढले. गुलाबात काढले, पायरीच्या फटीत काढले, नळाच्या मोरीत काढले. तितकं चंपतरावांचं नाव आणखी खराब होत गेलं. "बघा, कसा पसरवून गेला," आनंदराव भिंतीवरून म्हणत. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या उगवण्याची लाज वाटली.

दिवाळी जवळ आली आणि उन्मेष पुण्याहून आला. कंपनीच्या कामासाठी तो नुकताच चीनला जाऊन आला होता. वडिलांना त्यानं पेन दिलं आणि आईच्या हातात एक देखणी पत्र्याची डबी ठेवली. तांबडी, सोनेरी अक्षरांची.

"आई, तुझं पोट सारखं फुगतं म्हणतेस ना, म्हणून. तिथल्या जुन्या औषधांच्या दुकानातून घेतलंय. कसली तरी मुळी आहे. शियांगफू म्हणतात. त्यांच्याकडे शेकडो वर्षं वापरतात."

मधुसूदनरावांनी चष्मा लावून डबी उलटसुलट करून पाहिली. एक अक्षर कळलं नाही, तरी मान डोलावली. "चिनी लोक अभ्यास करूनच देतात. नीट जपून ठेव."

अरुंधतीबाई तेव्हा चकल्या तळत होती. झारा बाजूला ठेवून तिनं झाकण उघडलं आणि सवयीनं नाकाजवळ नेलं. मग ती तशीच उभी राहिली.

"काय झालं आई?"

"काही नाही. उलथणं दे बरं ते."

ती उलथणं घेऊन अंगणात आली. करपलेल्या हिरवळीत, माझ्यासमोर, ती किती वर्षांनी खाली बसली! तिच्या हाताला अजून जागा माहीत होती. पानं न ओढता तिनं बाजूनं माती सैल केली, धागा धरला आणि मला अलगद वर घेतलं. नळाखाली धुतलं. आत जाऊन अडकित्त्यानं माझे दोन काप केले आणि डबीतल्या कापांशेजारी ताटलीत ठेवले.

"उन्मेष, डोळे मिट आणि वास घे. सांग, यातलं चीनचं कोणतं?"

त्यानं एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. "दोन्ही एकच आहे."

"एकच आहे. नागरमोथा आहे हा. तू विमानातून आणलास, आणि तुझे बाबा इथे त्याला जाळून राहिले."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! पण मधुसूदनरावांचा चेहरा बघण्यासारखा उजळला. "म्हणजे हे औषध आहे? चीनमध्ये? अगं, मग एक वाफा ठेवू या. छान पाटी लावू. परीक्षकांवर छाप पडेल."

मित्रांनो, मला असा संताप आला म्हणून सांगू! माझ्या त्या चिनी चुलतभावाशी माझं काही वाकडं नाही. तोही बिचारा तिकडे कोणाच्या तरी शेतात शिव्या खात मोठा झाला असेल. पण सकाळपर्यंत मी तण होतो, आणि सोनेरी अक्षरांची डबी दिसताच औषध झालो? मी सकाळी होतो तोच संध्याकाळी आहे. मला कोणाची पाटी नको आणि कुठल्या देशाचं प्रशस्तिपत्रकही नको.

अरुंधतीबाईलाही ते रुचलं नाही. ती म्हणाली, "औषध असू द्या नाहीतर तण असू द्या. मला वेगळंच आठवून राहिलं. उन्मेषच्या पहिल्या दिवाळीला मी याच अंगणातून मोथा काढला होता. फाटकाजवळून, याच उलथण्यानं. उटणं केलं होतं, शेजारीपाजारी वाटलं होतं. अहो, चंपतराव आपल्याकडे आले तेव्हा हा शाळेत जात होता. मग मोथा त्यांनी कसा आणला?"

मधुसूदनरावांनी चष्मा काढून हातात धरला. कढईतला घाणा करपला, तो वास आला तेव्हा सगळे भानावर आले.

मला तोंड नाही म्हणालो ना मी? पण मला वास आहे. तो चीनच्या डबीतून आला काय आणि मातीतून आला काय, साक्ष द्यायची तेव्हा त्यानं दिली.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको स्कूटरनं महालात गेले. फराळाचा डबा घेऊन गेले आणि डबा तसाच घेऊन परत आले. पायरीवर बसून अरुंधतीबाईनं उन्मेषला सांगितलं, तेव्हा मला कळलं. मधुसूदनरावांनी हात धरून माफी मागितली. चंपतरावांनी त्यांना चहा पाजला, पण डबा घेतला नाही. ते म्हणाले, "साहेब, माफी तुमी माह्या घरात येऊन मागून राहिले. बदनामी तं गल्लीत केली न?"

वा, चंपतराव! त्या क्षणी मला आमचं सारं वैर गोड वाटलं. आम्ही दोघं एकाच मातीचे, हे मला उगीच वाटत नव्हतं.

स्पर्धेचा दिवस उजाडला. करपलेल्या जागी आदल्या दिवशीच नवीन गाद्या बसवल्या होत्या, गुलाब फुलले होते. माझा सगळ्यात दाट गठ्ठा पोर्चच्या कडेला, फाटकाशेजारी होता. त्याच्यासमोर मधुसूदनरावांनी पिवळ्या शेवंतीच्या कुंड्या दाटीनं मांडल्या होत्या. बाहेरून पाहणाऱ्याला माझं पातंही दिसलं नसतं. यंदा चषक मिळू शकतो, असं दोन माणसांनी त्यांना सकाळीच सांगितलं होतं. ते त्या कुंड्यांकडे बघत येरझाऱ्या घालत होते. मला वाटलं, झालं. माणूस शेवटी चषकाचाच.

परीक्षक आले. त्यांच्यामागे रिवाजाप्रमाणे गल्लीही आली. आनंदराव होते, दीपमालाताई होत्या, इतर बंगल्यांचे माळी होते. परीक्षकांनी हिरवळ पाहिली, गुलाब पाहिले, एकमेकांकडे बघून माना हलवल्या. लिहायला पेन उघडलं.

"एक मिनिट," मधुसूदनराव म्हणाले. "अजून पाहायचं राहिलं आहे."

ते खाली वाकले आणि त्यांनी शेवंतीची पहिली कुंडी उचलली. मग दुसरी. मग तिसरी. नवा झब्बा मातीनं भरला. शेवटची कुंडी सरकली आणि मी सगळ्यांसमोर उघडा पडलो, दाट, हिरवा, तुऱ्यासकट.

"अरे! मोथा!" आनंदरावांच्या तोंडून निघालं.

"हो, मोथा," मधुसूदनराव म्हणाले. "हा माझ्या माळ्यानं आणलेला नाही. हा या जागेवर माझ्या घराच्या आधीपासून आहे, माझ्या बायकोला ठाऊक आहे. यंत्र मी आणि चंपतरावांनी मिळून फिरवून घेतलं. गवत मी जाळलं. आणि खोटा आळ चंपतरावांवर मीच घेतला, याच फाटकात, तुम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असा. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतो, माझं चुकलं."

परीक्षकांनी पेन चालवलं. मोथ्याचे गुण कापावेच लागतात, नियम आहे, आणि तो नियम रजिस्ट्रारसाहेबांना पाठ होता. दीपमालाताई आपल्या चपलांकडे बघत उभ्या राहिल्या.

फाटकाबाहेर लिंबाखाली एक माणूस सायकल धरून उभा होता. आत यायचं नाही, असं ठरवूनच तो आला होता. त्यानं सायकल स्टँडवर लावली. हँडलची खुरपी काढली. फाटक ढकलून आत आला, गुडघ्यावर हात दाबत माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "सरका साहेब, उजेड अडवून राहिले तुमी."

मग माझ्याकडे बघून, ओळखीचं हसून, "काय गा, लय माजला! आता आलो मी."

ये, चंपतराव. तुझीच वाट बघत होतो.

चषक पुन्हा आनंदरावांच्या खिडकीत गेला. चंपतरावांना गल्लीतली सगळी कामं परत मिळाली, दीपमालाताईंनी तर स्वतः हाक मारली. अरुंधतीबाईनं माळ्यावरचा खलबत्ता खाली काढला आहे. आणि माझी पानं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उपटून ढिगात पडली होती.

मित्रांनो, आपली गोष्ट सांगणारी झाडं शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला कोणी जपलं म्हणून मी जगलेलो नाही. मला तोडा, जाळा, विष पाजा, वर सिमेंट ओता, मी पुन्हा येईन. जपायचंच असेल तर माणसाचं नाव जपा. रागाच्या भरात, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून, ते उपटून फेकू नका. माझ्यासारखी त्याला खाली गाठ नसते. एकदा उपटलं की ते आपोआप फुटत नाही, त्यासाठी कोणाला तरी सगळ्यांसमोर वाकून कुंड्या सरकवाव्या लागतात.

माझी काळजी करू नका. आज सकाळी चंपतराव पोर्चजवळ थांबले, वाकून पायरीच्या फटीत पाहिलं आणि कपाळाला हात लावला. तीन पानं आली आहेत.